टी६ व्हॅनला खिडक्या: आधी बाजू ठरवा, मग पत्रा कापा

तुम्ही लिहिलंय की इंग्लंडात मालवाहू फॉक्सवॅगन टी६ घेतली आहे, तिची कॅम्पर, म्हणजे राहता-झोपता येईल अशी गाडी, करायची आहे, दोन्ही बाजूंना एकेक खिडकी हवी आहे, पण स्वतः पत्रा कापायची भीती वाटते. मी अशा दोन व्हॅन केल्या आहेत. कापणं तुम्हाला जमेल. मला काळजी वाटते ती त्या 'एकेक'ची.

डीव्हीएलएकडे, म्हणजे ब्रिटनच्या वाहन नोंदणी खात्याकडे, गाडीची नोंद 'मोटर कॅराव्हॅन' अशी करून हवी असेल, तर किमान एका बाजूला दोन खिडक्या लागतात. डावीकडे एक, उजवीकडे एक, हे चालत नाही. म्हणून डावीकडे सरकत्या दारात एक आणि त्यामागच्या पत्र्यात दुसरी लावा. पैसे उरले तर तिसरी उजवीकडे, शेगडीच्या वर, सरकत्या काचेची; फोडणीची वाफ तिथून जाईल. दारामागची खिडकी बाहेर उघडणारी घेऊ नका, दार मागे सरकवलं की आदळेल. निकष आणखीही आहेत आणि सगळं करूनही नोंद बदलेलच असं नाही. विमा कंपनीला मात्र कापण्याआधी कळवा.

या गाडीत आतल्या पत्र्याला खिडकीची चौकट मुळातच असते, त्यामुळे मापं काढत बसावं लागत नाही. मधली आधाराची पट्टी बाहेरच्या पत्र्याला चिकटवलेली असते, ती आधी सोडवा. कोपऱ्यांत आतून भोकं पाडा आणि बारीक दातांच्या ब्लेडने, चौकटीच्या कडेकडेने जिगसॉ (हातात धरायची विजेची करवत) चालवा. शेवटचा वीतभर भाग राहिला की बाहेरून कुणाला तरी पत्रा धरायला सांगा, नाहीतर तो लोंबकळून कड वाकवतो.

खरा वेळ द्या तो यानंतर. पहिल्या व्हॅनला मी कानस मारली, घाईने प्रायमरचा एकच हात दिला आणि काच बसवली. शिवाय लोखंडाचा कीस खालच्या खाचेत तसाच राहिला. एका हिवाळ्यात तिथे गंजाचे ठिपके आले. मग आतलं सगळं लाकूडकाम उचकटावं लागलं. फार जिवाला लागलं ते. दुसऱ्या वेळी आधी जुनी चादर अंथरली, कापून झाल्यावर व्हॅक्यूम आणि लोहचुंबक दोन्ही फिरवले, उघड्या कडेला गंजरोधक प्रायमर आणि वर रंग दिला, आणि तो पुरता वाळू दिला.

काच 'ई' खूण (वाहनासाठी मान्यता असल्याची खूण) असलेलीच घ्या. ती पॉलियुरेथेन गोंदाने चिकटवतात. काचेचा प्रायमर विसरू नका आणि गोंदाचा पट्टा मध्ये कुठेही तुटू देऊ नका. कडाक्याच्या थंडीत हे काम काढू नका. गाडी दुसऱ्या दिवसापर्यंत हलवू नका.

पलंग आणि कपाट कुठे येणार ते कागदावर काढलं असेल तर इथे टाका. मागच्या उजव्या कोपऱ्याचा पत्रा तोवर कापू नका.