‘कुणाची गं तू?’

प्रिय सई,

काल रात्रीचा तुझा मेसेज वाचला. ‘आई, हरिपुरात सगळे मला “कुणाची गं तू?” असंच का विचारतात? माझं नाव कुणीच का विचारत नाही? मी काय कुणाची वस्तू आहे?’ राग आलाय ना? येणारच. इथं एडिंबरात तुला पहिल्यापासून तुझ्या नावानंच सगळे ओळखतात.

आजीला हळदीची पेवं कुठं होती ते दाखवायला सांग. जमिनीत खोल खणलेली कोठारं ती. सांगलीच्या बाजारातली हळद त्यात वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, कारण आत श्वास कोंडतो. आधी हवा खेळू द्यायची, मग कंदील सोडायचा. तो विझला नाही तरच माणूस उतरायचा. 2005 च्या महापुरात पाणी शिरून पुष्कळ पेवं गेली. पण विचार कर, आपला माल दुसऱ्याच्या जमिनीत ठेवायचा, दुसऱ्याच्या भरवशावर खाली उतरायचं, तर तो माणूस कुणाचा कोण हे ठाऊक नको? त्या गावात ही चौकशी मुरलेली आहे.

परवा भडंगवाल्या काकांनी ‘मास्तरांची नात व्हय? ने की, पैसं ऱ्हाऊ दे’ म्हणून पुडा तुझ्या हातात दिला ना, तो याच प्रश्नामुळं. आजोबांनी चाळीस वर्षं जपलेला शब्द तुला फुकट मिळाला, बाळा. तो आता तुलाही जपायचाय.

एक मात्र स्पष्ट सांगते. काही जण ‘आडनाव काय?’ असं खोदून खोदून विचारतात, ते जात चाचपायला. उत्तर ऐकून त्यांचा आवाज बदलतो, तुला लगेच कळेल. मला ते लहानपणीही सहन व्हायचं नाही. तिथं फक्त ‘मी सई’ म्हण आणि गप्प बस. उद्धटपणा होईल म्हणून घाबरू नकोस, आजी तुझ्याच बाजूनं उभी राहील.

बाकीच्यांना आजोबांचं नाव सांग, पाठोपाठ स्वतःचंही सांग. रोज दळण आणायला जा, घाटावर बस, लोकांशी बोल. मला त्या गल्लीत अजून ‘मास्तरांची थोरली’च म्हणतात. दिवाळीत मी येईन तेव्हा कुणी ‘सईची आई का तुम्ही?’ असं विचारलं ना, तर मला फार फार आवडेल.

तुझी,
आई