एप्सम सॉल्ट: पायांना चालेल, पोटात नको

ताई, तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. सासूबाईंचे पाय संध्याकाळी ठणकतात म्हणून एप्सम सॉल्ट आणलंय, त्यानं आराम पडेल का? उरलेलं चेहऱ्याला आणि केसांना चालेल का? आणि जाऊबाई म्हणतात तसं ते पाण्यातून घेतलं की पोट साफ होऊन वजन उतरतं, हे खरं का? मी १९ वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरवर काढली आणि हे मीठ घरातही वापरते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पाकीट नीट बघा. आमच्याकडे निम्मी गिऱ्हाइकं सैंधव आणि हे एकच समजून यायची. सैंधव म्हणजे खाण्याचंच मीठ, सोडियम क्लोराइड. हे मॅग्नेशियम सल्फेट. एक कण जिभेच्या टोकाला लावून थुंकून टाका: सैंधव खारट लागतं, हे कडू. कृषी सेवा केंद्रात गोणीत मिळतं तेही मॅग्नेशियम सल्फेटच, स्वस्तही पडतं, पण ते पिकांसाठी असतं. अंगाला लावायला औषधी प्रतीचं घ्या. आणि उन्हाळ्यात पाकीट उघडं राहून खडे पिठासारखे पांढरे झाले तर फेकू नका. या मिठाच्या वजनात जवळपास निम्मं पाणीच असतं, त्यातलं थोडं उडून गेलेलं असतं, एवढंच.

आता पाय. नेटवरच्या कृतींत ‘दोन कप’ लिहिलेलं असतं ते बाथटबसाठी. आपल्याकडे प्लास्टिकचा टब किंवा घमेलं. घोटे बुडतील इतकं, चार-पाच लिटर पाणी घ्या, त्यात तीन-चार मोठे चमचे मीठ. पंधरा मिनिटं पुरे. पाणी किती गरम हवं ते हातानं बघू नका, स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या हाताला चटके कळत नाहीत. तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं पाणी बघतो तसं कोपर बुडवून बघा. मग पाय पुसा, बोटांच्या बेचक्यासुद्धा कोरड्या करा, आणि टाचांना लगेच खोबरेल चोळा. पहिल्यांदा मी तेल लावायचं विसरले होते, सकाळी टाचा पापडासारख्या कोरड्या! भेगांतून रक्त येत असेल तर मात्र थांबा, फार झोंबतं.

आराम पडतो का? पडतो. पण माझं मत विचाराल तर त्यातलं बारा आणे श्रेय गरम पाण्याला आणि पंधरा मिनिटं एका जागी बसायला मिळण्याला. कातडीतून मॅग्नेशियम आत जाऊन स्नायू सैल होतात असं पाकिटावर छापलेलं असतं, त्याला भक्कम पुरावा नाही. आणि एकाच पायाची पोटरी सुजून लाल, गरम झाली असेल तर टब बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

इथे एक घरचीच गोष्ट सांगते. माझ्या वडिलांना जुनी साखर होती. मी दुकानात असताना त्यांनी गीझरचं पाणी टबात घेऊन हेच मीठ टाकलं आणि पेपर वाचत बसले. मी आले तेव्हा म्हणाले, ‘कोमटच आहे गं.’ मी हात घातला आणि झटक्यात बाहेर काढला. दुसऱ्या दिवशी तळव्याला रुपयाएवढा फोड. साखरेनं पायाची जाणीवच गेली होती, त्यांना चटका कळलाच नाही. ती जखम भरायला दीड महिना लागला. तेव्हापासून साखर असलेल्यांना मी हे मीठ विकताना दोन प्रश्न जास्तच विचारायचे.

चेहऱ्याला लावू नका. खडे टोकदार असतात, ओरखडे उठतात. कोपरा-टाचांना तेलात कालवून चोळायला ठीक. केसांसाठी हे मीठ कंडिशनरमध्ये कालवून लावतात, त्याची तर गंमतच आहे. बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, त्याला कारण पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार. त्या पाण्यानं केस राठ होतात म्हणून आपण फिल्टर लावतो, आणि मग बाटलीतल्या कंडिशनरमध्ये स्वतःच मॅग्नेशियम कालवायचं!

राहता राहिलं प्यायचं. इंग्लंडमधल्या एप्सम गावच्या कडू पाण्यावरून याला नाव पडलं आणि ते पाणी गाजलं ते जुलाबासाठीच. १६९५ मध्ये नेहेमाया ग्रू यांनी त्या मिठावर पुस्तकच लिहिलं. तेव्हा जुलाब होतात हे खरं. हे मीठ आतड्यात पाणी ओढून घेतं. काट्यावर कमी दिसतं ते तेच पाणी, चरबी जिथल्या तिथे. जादा मॅग्नेशियम बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडाचं. ते कमजोर असेल तर मॅग्नेशियम रक्तात साठतं, रक्तदाब उतरतो, श्वास मंदावतो. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येतात तेव्हा दवाखान्यात हेच मॅग्नेशियम सल्फेट इंजेक्शनातून देतात, आणि पुढचा डोस देण्याआधी गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का, श्वास किती, लघवी किती, हे बघतात. जाऊबाई तेच अंदाजपंचे चमच्यानं घेणार? साठीनंतर मूत्रपिंडं किती चालतात हे रक्त तपासल्याशिवाय कुणाला कळतं?

सासूबाईंना साखर आहे का ते तुम्ही लिहिलेलं नाही. आधी ते सांगा, तोवर टब काढू नका.