गाडीचं दुखणंखुपणं : तळणीचं तेल आणि ग्वाल्हेरची पहाट

प्रश्न : मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दौलतगंजात राहते. डब्यांचा आणि फराळाच्या ऑर्डरींचा व्यवसाय आहे. आमची एकोणीस वर्षांची डिझेल गाडी सकाळ-संध्याकाळ थाटीपूर-मुरारला डबे पोचवते, बाकी दिवसभर दारात उभी असते. दिवाळीनंतर तळणीचं तेल बरंच उरलं. भाचा म्हणाला, "मावशी, डिझेलचं पहिलं इंजिन शेंगदाण्याच्या तेलावरच चाललं होतं, टाकून बघ." मलमलच्या फडक्यातून गाळून दहा लिटर डिझेलला पाच लिटर तेल, असं घालत गेले. नोव्हेंबरभर गाडी छान चालली. डिसेंबरच्या शेवटी, धुक्याच्या एका पहाटे ती सुरू झाली, गल्लीच्या तोंडाशी गेली आणि बंद पडली. मेकॅनिक म्हणतो पंप गेला, उतरवून ओव्हरहॉल करावा लागेल. खरंच पंप गेला असेल का? थंडीत हे तेल चालवायचा काही मार्ग आहे का? रॉकेल मिसळलं तर?
— एक वाचक भगिनी, ग्वाल्हेर

उत्तर : ताई, इंजिनाला दाबाने इंधन पुरवणारा तो पंप उतरवू देऊ नका. आधी फिल्टर उघडायला सांगा, आणि तो उघडताना स्वतः शेजारी उभ्या राहा.

मी अडतीस वर्षं डिझेल इंजिनांच्या पंप-नोझलच्या बेंचवर काम केलं, सगळी इथेच, ग्वाल्हेरात. एका जानेवारीत लग्नाची जेवणं करणाऱ्या एका गृहस्थांचा टेम्पो ढकलत आमच्याकडे आणला होता. हीच हकिकत : सुरू झाला, दोनशे पावलं गेला, बंद. पंपाचा खर्च ऐकून त्यांचा चेहरा उतरलेला. मी फिल्टरची वाटी सोडवली तर आत पांढरट, रवाळ गोळा. थोडा बोटावर घेऊन तळहातावर ठेवला, तर बघता बघता त्याचं पिवळं तेल झालं आणि मनगटाकडे ओघळलं. घरच्या तुपाला थंडीत रवा धरतो ना, अगदी तसाच तो रवा होता. फिल्टर थाळीत घालून खिडकीच्या कठड्यावर उन्हात ठेवला. दुपारी बाराला थाळीत सगळं पातळ. त्या पंपाला आम्ही पानासुद्धा लावला नाही.

तुमची गाडी सुरू झाली ती फिल्टरच्या पुढे, नळीत आणि पंपात जे पातळ इंधन शिल्लक होतं त्यावर. ते संपलं आणि मागचं थिजलेलं तेल फिल्टरच्या कागदातून पुढे सरकेना. मला काळजी वेगळीच आहे. गाडी बंद पडल्यावर सेल्फ किती वेळा मारला? रोटरी पंप असेल तर त्याला वंगण मिळतं ते त्यातून जाणाऱ्या इंधनाचंच. इंधन येत नसताना सेल्फ मारत राहिलं, तर चांगला पंपसुद्धा कोरडा घासतो. म्हणून आता फिल्टर होईपर्यंत चावीला हात लावू नका.

गाडी दिवसभर उन्हात उभी करा. घाई असेल तर फिल्टरवर आणि नळीवर गरम पाण्यात पिळलेलं फडकं गुंडाळा. टाकीखाली जाळ करणारे ड्रायव्हर मी पाहिले आहेत, तसलं काही कुणालाही करू देऊ नका. दुपारी, तेल पातळ असतानाच, टाकी पूर्ण रिकामी करा. टाकीतल्या नळीच्या तोंडाशी जाळी असते, ती धुऊन घ्या. मलमलमधून निसटलेला बेसनाचा गाळ तिथेच बसलेला असतो. फिल्टर नवा घाला, ताजं डिझेल भरा, फिल्टरजवळच्या हातपंपाने नळीतली हवा काढा आणि मग सुरू करा. रबराच्या नळ्या फुगल्या किंवा चिकट झाल्या असतील तर त्याही बदला. इंजिन ऑइल मात्र वेळ झाली नसली तरी बदलाच. ते का, हे पुढे सांगतो.

आता तेलाबद्दल. 'तेल थिजलं' असं आपण म्हणतो, पण कुठलं तेल, हे आधी विचारायला हवं. घरात आपण वापरतो ते सरसोचं तेल इथल्या कडाक्याच्या थंडीतही पातळच राहतं. व्यवसायातलं तळण बहुधा पामोलीनमध्ये असतं, आणि ते १० अंशांच्या आसपासच गढूळ व्हायला लागतं. वनस्पती तूप तर कडाक्याची थंडी नसतानाही घट्ट. आपल्याकडे जानेवारीत पहाटेचं तापमान सरासरी ७ अंश, वाईट दिवसांत त्याच्याही खाली. म्हणजे नोव्हेंबरात गाडी चालली त्यात तेलाचा मोठेपणा काही नव्हता, थंडी अजून यायची होती एवढंच.

खात्री करून घ्यायची असेल तर उरलेलं तेल काचेच्या बाटलीत भरून रात्री गच्चीवर ठेवा आणि सकाळी सहाला उजेडासमोर धरून बघा. तळाशी पांढरा ढग दिसला, की तोच ढग तुमच्या फिल्टरमध्ये होता असं समजा.

न थिजणारं तेल घातलं तरी प्रश्न सुटत नाही. ४० अंशांवर मोजलं तर डिझेलचा दाटपणा २ ते ४.५ सेंटिस्टोक भरतो, खाद्यतेलाचा ३० च्या वर. थंडीत तो आणखी वाढतो. दाट तेलाचा नोझलमधून बारीक फवारा होत नाही, थेंब पडतात. ते अर्धवट जळतात आणि नोझलच्या तोंडाशी कोळसा धरतो. न जळालेलं तेल रिंगांच्या फटीतून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. कढईच्या काठावर पिवळा, चिकट थर बसतो, जो घासणीनेही निघत नाही, तो आठवा. तापलेल्या तेलाचा हवेशी संबंध आला की तो तसा जमतो. तेच इंजिनाच्या आत होऊ लागतं आणि ऑइल लापशीसारखं दाट होतं. ऑइल बदला म्हटलं ते यासाठी. तुमच्या गाडीत कॉमन रेल, म्हणजे नव्या धर्तीची जास्त दाबाची इंधन व्यवस्था असेल, तर मी एक थेंबही घालू देणार नाही. तिथे हजार बारच्या वरचा दाब आणि केसाएवढी भोकं असतात.

जे लोक थंड मुलखात खरोखर तेलावर गाडी चालवतात, ते दोन टाक्या ठेवतात. सुरुवात डिझेलवर. रेडिएटरचं गरम पाणी दुसऱ्या टाकीभोवती आणि फिल्टरभोवती फिरवून तेल ७० अंशांच्या पुढे तापवतात, मगच व्हॉल्व्ह फिरवतात. गाडी बंद करण्याआधी काही मिनिटं पुन्हा डिझेलवर यायचं, म्हणजे नळ्यांत तेल उरत नाही. पद्धत खरी आहे, जुन्या लाइन-पंपाच्या इंजिनांवर चालतेही. पण ताई, तुमची फेरी पाच-सात किलोमीटरची. डिसेंबरात तेवढ्यात इंजिन धड तापतही नाही. तेल तापेपर्यंत तुम्ही शेवटच्या डब्याच्या दारात पोचलेल्या असाल. दोन टाक्यांचा सगळा खर्च करून गाडी डिझेलवरच चालेल. दुसरं म्हणजे, आरसीवर लिहिलेल्या इंधनापेक्षा वेगळं इंधन चालवण्यासाठी गाडीत केलेला असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतो. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवेल.

रॉकेल नको. तेल थोडं पातळ होईल, पण रॉकेलला वंगण नाही, आणि थिजणाऱ्या तेलाचा रवा पहाटे धरायचा तो धरेलच. पेट्रोल तर मुळीच नको. त्याची वाफ टाकीत भडका उडवू शकते.

तुमच्या भाच्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. डिझेलचं पहिलं इंजिन ते नव्हे, पण १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवलं होतं, आणि १९१२ मध्ये खुद्द रुडॉल्फ डिझेल यांनी ते लिहून ठेवलं. पण ते एका जागी बसवलेलं इंजिन होतं, आणि प्रदर्शन एप्रिल ते नोव्हेंबर चाललं होतं. मुरारच्या रस्त्यावरची जानेवारी त्याने पाहिली नव्हती.

मग या तेलाचं करायचं काय? ते फेकू नका, नाल्यात ओतू नका, आणि कृपा करून, चार पैसे जास्त देतो म्हणून दारावर येणाऱ्याला देऊ नका. तसलं तेल पुन्हा कुणाच्या तरी कढईत जातं. तुम्ही स्वतः दुसऱ्यांदा तळायला वापरत नाही, म्हणूनच तुमच्याकडे ते उरलं, याचा मला फार आदर वाटतो. तेलातले पोलर घटक, म्हणजे तळताना तेल बिघडून तयार होणारी द्रव्यं, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते खाण्यासाठी वापरू नये, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्राधिकरणाने 'रुको' ही योजना सुरू केली. तिच्यात नोंदणी असलेले संग्राहक असं तेल विकत घेतात आणि ते बायोडिझेलच्या कारखान्यात जातं. शेजारच्या दोन-तीन फराळवाल्या मिळून डबे भरून ठेवा, म्हणजे त्यांनाही येणं परवडेल. नोंदणीचा कागद पाहिल्याशिवाय डबा देऊ नका. गाळ काढून, पाण्याचा थेंब न पडू देता, झाकण घट्ट लावून साठवा.

प्रश्न : तळणीच्या तेलात मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा घालून घरच्या घरी बायोडिझेल करता येतं असं वाचलं. मी दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी आहे. काकांच्या शेतावरच्या डिझेलच्या पाणी-पंपासाठी करून पाहू का? त्याने थंडीचा त्रासही जाईल ना?
— एक वाचक, मुरार

उत्तर : बाळा, घरी नको. मिथेनॉलची वाफ विषारी असते, पोटात गेलं तर दृष्टी जाते, आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी डोळ्यांना दिसतच नाही. स्वयंपाकघरात किंवा गोठ्याशेजारी हे काम कुणाच्याही मुलाने करू नये असं मला मनापासून वाटतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत, सरांच्या समोर, शंभर मिलीचा प्रयोग जरूर कर. खाली बसणारं ग्लिसरीन आणि वर तरंगणारं पिवळं एस्टर, म्हणजेच बायोडिझेल, हे डोळ्यांनी पाहण्यासारखं आहे.

थंडीचा त्रास मात्र त्याने जाणार नाही. दाटपणा डिझेलच्या जवळ येतो, हे खरं. पण थिजण्याचा गुण मूळ तेलाकडून उतरतो. पामचं बायोडिझेल १५ अंशांच्या आसपासच गढूळ होतं, सोयाबीनचं शून्याच्या जवळ. पेट्रोल पंपावर आपल्याला मिळणारं साधं डिझेलसुद्धा हिवाळ्यात वेगळं असतं. आपल्या मानकाप्रमाणे त्याचा पोअर पॉइंट, म्हणजे ज्याच्या खाली ते वाहत नाही ते तापमान, उन्हाळ्यात १५ अंशांपर्यंत चालतो, हिवाळ्यात मात्र ३ च्या वर चालत नाही. म्हणून काकांच्या टाकीत सप्टेंबरचं डिझेल अजून पडून असेल, तर पहिल्यांदा ते दुपारच्या पाळीत वापरून संपवायला सांग.