चेक वटला नाही आणि गाडीचा विमा रद्द झाला

प्रश्न : मी साताऱ्यात राहणारा निवृत्त शिक्षक आहे. माझ्या आठ वर्षे जुन्या गाडीची पॉलिसी ११ एप्रिलला संपत होती. दोन दिवस आधी मी नेहमीच्या एजंटकडे चेक दिला, नवी पॉलिसी ईमेलवर आली आणि ती छापून मी आरसीसोबत गाडीत ठेवली. १८ जूनला पत्ता बदलून घेण्यासाठी कंपनीच्या शाखेत गेलो, तेव्हा चेक न वटल्यामुळे पॉलिसी २२ एप्रिललाच रद्द झाल्याचे कळले. माझी बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली आहे आणि मी दिलेला चेक जुन्या पुस्तकातला होता. खात्यात पैसे पुरेसे होते. रद्द केल्याचे पत्र माझ्या जुन्या पत्त्यावर गेले असावे, मला ते मिळालेले नाही. कंपनीला असे परस्पर करता येते का? या दोन महिन्यांत अपघात झाला असता तर काय झाले असते? पाच वर्षांचा नो क्लेम बोनस आता बुडाला का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपले पत्र आले तेव्हा जून संपायला चारच दिवस उरले होते, म्हणून अंक निघण्याची वाट न पाहता आम्ही आपल्याला फोनवर दोन गोष्टी कळवल्या : गाडी रस्त्यावर काढू नका आणि १० जुलैच्या आत नवी पॉलिसी घ्या. इतर वाचकांवरही अशी वेळ येऊ शकते, म्हणून सविस्तर उत्तर येथे देत आहोत.

पॉलिसी रद्द होण्याचे दोन प्रकार आहेत आणि ते वेगळे ठेवले पाहिजेत. चालू असलेली, हप्ता भरलेली पॉलिसी कंपनीला मनात येईल तेव्हा मोडता येत नाही. विमा नियामक आयआरडीएआयच्या जून २०२४ च्या परिपत्रकानुसार वैयक्तिक ग्राहकाची पॉलिसी कंपनी केवळ सिद्ध झालेल्या फसवणुकीच्या कारणावरून, तीही किमान ७ दिवसांची नोटीस देऊन, रद्द करू शकते. आपली गोष्ट मात्र हप्त्याची आहे. विमा कायदा, १९३८ मधील कलम ६४ व्हीबी असे सांगते की हप्ता हाती आल्याखेरीज कंपनीने जोखीम स्वीकारू नये. चेक परत गेला म्हणजे कराराचा मोबदलाच पोहोचला नाही, आणि तो आपल्या चुकीमुळे परत गेला की बँकेच्या विलीनीकरणामुळे, याने कंपनीच्या बाजूने काही फरक पडत नाही. खात्यात पैसे असूनही असे घडावे हे क्लेशदायक आहे, पण पॉलिसी रद्द करण्याचा कंपनीचा अधिकार येथे मान्य करावा लागेल. तो तिने आपल्याला कळवून वापरला का, एवढाच मुद्दा उरतो, आणि तो लहान नाही.

तो लहान का नाही, हे आपल्या दुसऱ्या प्रश्नातून दिसते. बंगळुरूमध्ये एका बसच्या मालकाने एप्रिल २००४ मध्ये चेकने हप्ता भरला, ११ मे रोजी अपघात झाला आणि चेक न वटल्याचे कारण देऊन कंपनीने १३ मे रोजी पॉलिसी रद्द केली. लक्ष्मम्मा प्रकरण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये असे ठरवले की रद्द केल्याची सूचना अपघातापूर्वी मालकापर्यंत पोहोचलेली नसेल, तर रस्त्यावरच्या तिऱ्हाइताला भरपाई देण्याची कंपनीची जबाबदारी टळत नाही. म्हणजे एप्रिल ते जून या काळात आपल्या गाडीचा धक्का कोणाला लागला असता, तर जखमी माणसाच्या भरपाईसाठी कंपनीला धरता आले असते, पण ते पत्र आपल्याला मिळाले की नाही यावर सारा वाद रंगला असता. आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे तसे नाही. सीमा मल्होत्रा प्रकरणात, २००१ मध्ये, चेक न वटल्यामुळे गाडीच्या नुकसानीची भरपाई देण्यास कंपनी बांधील नाही असाच निर्णय याच न्यायालयाने दिला होता. आता तर १८ जूनपासून पॉलिसी रद्द असल्याचे आपल्याला स्वतःला माहीत आहे, त्यामुळे न कळवल्याचे ते संरक्षणही आपण धरून चालू नये. विम्याशिवाय गाडी चालवल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९६ खाली पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीही होऊ शकतात. किराणा आणायलासुद्धा गाडी बाहेर काढू नका, असे आम्ही कळकळीने सांगितले ते यासाठी.

नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, बुडालेला नाही, पण त्याला मुदत आहे. आधीची वैध पॉलिसी संपल्यापासून ९० दिवसांच्या आत नवी घेतली तर बोनस टिकतो. आपली शेवटची वैध पॉलिसी ११ एप्रिलला संपली, म्हणून १० जुलै ही तारीख. पाच वर्षे दावा नसेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, म्हणजे ओन डॅमेजच्या, हप्त्यावर ५० टक्के सूट मिळते. समजा हा हप्ता ८,००० रुपये असेल तर त्यातले ४,००० वाचतात. थर्ड पार्टीच्या, म्हणजे तिऱ्हाइताच्या भरपाईसाठीच्या, हप्त्याला हा बोनस लागू नाही. गेल्या वर्षीची पॉलिसी आणि त्या वर्षी दावा न केल्याचा दाखला हाताशी ठेवा आणि नव्या प्रस्ताव अर्जात मधली पॉलिसी रद्द झाल्याचे स्पष्ट लिहा. ती गोष्ट लपवली तर पुढच्या दाव्याच्या वेळी तीच अंगाशी येईल.

मध्ये खंड पडल्यामुळे पूर्ण पॉलिसीसाठी गाडीची तपासणी होईल. कंपनीचा माणूस येऊन चारही बाजूंनी फोटो काढतो, काचेवरचे तडे पाहतो, किलोमीटरचा आकडा टिपतो आणि कधी चेसिस क्रमांकावर कागद धरून पेन्सिलीने ठसा उमटवतो. काही कंपन्या हेच काम मोबाइलवरच्या व्हिडिओने करून घेतात. गाडी धुऊन, उजेडात उभी करून ठेवा, म्हणजे जुना ओरखडा आणि चिखलाचा डाग यांत गल्लत होणार नाही. मागील तारखेची पॉलिसी करून देतो असे कोणी म्हणाले तर ठाम नकार द्या. हप्ता शक्यतो कंपनीच्या संकेतस्थळावरून थेट भरा आणि दोन दिवसांनी खात्यातून रक्कम वजा झाली का ते पाहा. पॉलिसीचा कागद हातात आला म्हणजे हप्ता पोहोचला असे आपण सगळेच समजतो, आणि चेकच्या व्यवहारात घोटाळा होतो तो इथेच.

तक्रारीबद्दल मोकळेपणाने सांगतो. रद्द झालेली पॉलिसी तक्रारीने परत मिळणार नाही. तरीही कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र लिहून चेक परत आल्याची तारीख, रद्द केल्याच्या पत्राची प्रत आणि ते पाठवल्याचा पोस्टाचा पुरावा मागा; बँकेकडून चेक परतीचा मेमो घ्या. एजंटने घेतलेला हप्ता सुट्ट्या वगळून २४ तासांत कंपनीकडे पोहोचवायचा असतो, तो कधी पोहोचला हेही विचारा. या दोन महिन्यांत एखादा अपघात झाला असल्याचे उद्या पुढे आले, तर हेच कागद आपल्याला तारतील. समाधान झाले नाही तर आयआरडीएआयच्या बिमा भरोसा या तक्रार पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. कंपनीने तक्रार फेटाळली किंवा महिनाभरात उत्तर दिले नाही, तर पुण्यातील विमा लोकपालांकडे जाता येते. तेथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.

प्रश्न : माझ्या पॉलिसीवर एजंटने ३५ टक्के नो क्लेम बोनस लावला, प्रत्यक्षात मी गेल्या वर्षी बंपरचा दावा घेतला होता. आता कंपनीने सात दिवसांची नोटीस पाठवली आहे. माझी चूक नसताना पॉलिसी रद्द होईल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अर्जावर सही आपली आहे, त्यामुळे चूक सर्वस्वी एजंटची असे म्हणता येणार नाही. मात्र चूक आणि फसवणूक यांत अंतर आहे, आणि फसवणूक सिद्ध झाली असेल तरच कंपनीला पॉलिसी मोडता येते. सात दिवस संपण्यापूर्वी ईमेल आणि रजिस्टर्ड पोस्ट अशा दोन्ही मार्गांनी उत्तर द्या : बंपरच्या दाव्याची माहिती स्वतःहून द्या, हेतू नव्हता हे लिहा आणि बोनसमुळे कमी भरलेला फरक व्याजासह भरण्याची तयारी दाखवा. एजंटशी व्हॉट्सअ‍ॅपवर झालेले बोलणे पुसून टाकू नका. कंपनीने तरीही पॉलिसी रद्द केलीच, तर रद्द होण्याच्या तारखेआधी दुसरी पॉलिसी हातात असू द्या, आणि तिच्या अर्जात नो क्लेम बोनसच्या रकान्यात या वेळी स्वतःच्या हाताने शून्य लिहा.