पाच गळ्यांचा डबा

गेल्या अंकात मी माझ्या शहापूरच्या दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या टीव्ही गेमबद्दल चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा गठ्ठाच आला. गंमत म्हणजे बहुतेकांना खेळाशी घेणंदेणं नाही, त्यातल्या टुणटुणीशी आहे. त्या टुणटुणीला जगभर चिपट्यून म्हणतात. जुन्या संगणकातल्या किंवा गेममधल्या आवाजाच्या आयसीकडून, म्हणजे चिपकडून, तिला जेवढं येतं तेवढ्यातच, वाजवून घेतलेलं संगीत. जागेअभावी पाचच पत्रं घेतोय.

१९९५ च्या सुमारास चिक्कोडीला मामाकडे टीव्ही गेम खेळायचो. परवा त्यातलंच एक गाणं मोबाईलवर ऐकलं तर पळत सुटल्यासारखं वाटलं, आवाजही निराळा. बायको म्हणते, तुमची आठवण गंडलीय. खरं काय? — एक वाचक, निपाणी

वहिनींना नमस्कार सांगा आणि आठवण ठणठणीत आहे असंही सांगा. बदलला तो डबा.

मूळ यंत्र निन्टेंडोचं फॅमिकॉम, १९८३ साली जपानात आलेलं. आपल्याकडे घरोघरी जे आलं ते बहुतांशी त्याची नक्कल. मूळ यंत्रातल्या आयसीला पाच गळे आहेत. दोन चौकोनी लहरींचे, एक त्रिकोणी लहरीचा, एक नुसत्या खरखरीचा, आणि पाचवा ध्वनिमुद्रणाचे छोटे तुकडे वाजवणारा. प्रत्येक गळा एका वेळी एकच सूर काढतो. चौकोनी लहर म्हणजे आवाज 'चालू' आणि 'बंद' यांच्यामध्ये उड्या मारतो. एका फेरीत तो किती वेळ चालू राहतो, त्यावर आवाजाची जात ठरते. निम्मा वेळ चालू असेल तर आवाज गोल आणि पोकळ, बासरीच्या जवळचा. पाव वेळ असेल तर जरा नाकातला, सनईकडे झुकणारा.

आता मेख अशी की बऱ्याच नकली संचांत या दोन जातींची अदलाबदल झालीय. संगीतकाराने पाव मागितला की डबा निम्मा देतो, निम्मा मागितला की पाव. सूर तोच, गळा दुसऱ्याचा. तुम्ही सनईवर ऐकलेलं गाणं आता बासरीवर ऐकताय, वेगळं वाटणारच की!

वेगाचं कारण टीव्ही. जपानी आणि अमेरिकन टीव्ही सेकंदाला साठ वेळा चित्र रंगवायचा, आपला पन्नास. या गेममध्ये संगीत पुढे सरकतं ते चित्राच्या ठेक्यावर. त्यामुळे आपल्या टीव्हीसाठी बनवलेल्या संचावर एका मिनिटाचं गाणं बहात्तर सेकंद चालायचं. पट्टी मात्र जवळपास तीच राहायची. म्हणजे मामाकडे तुम्ही तीच चीज विलंबित ऐकलीत.

जाता जाता एक. हातात गेम असेल तर उडी मारताना गाण्याकडे कान द्या. उडीचा आवाज काढायला बहुतेक एक गळा उसना घेतलेला असतो, तेवढ्यापुरता गाण्यातला एक आवाज गप्प होतो. मला हे कळलं तेव्हा मी अख्खी दुपार नुसत्या उड्या मारत बसलो होतो. गिऱ्हाईक बाहेर उभं.

माळ्यावर जुना संच सापडला. चित्र येतं, पण कॅसेट हलवली की जातं, आणि आवाजात सारखी घूं अशी गुणगुण आहे. काय करू? — एक वाचक, अथणी

कॅसेटमध्ये फुंकर मारू नका. लहानपणी आपण सगळ्यांनी मारली, पण तोंडातल्या वाफेने धातूच्या पट्ट्या गंजतात. पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापूस. घूं बहुतेक वेळा ॲडॅप्टरमुळे किंवा आतल्या फुगलेल्या कंडेन्सरमुळे येते. कंडेन्सर फुगला असेल तर तेवढाच बदला, स्वस्तातलं काम आहे. ॲडॅप्टर मात्र हाताला येईल तो खुपसू नका. काहींत मधला पिन वजा असतो, काहींत अधिक. मल्टीमीटर लावून बघा. मी १९९८ मध्ये एका शेजाऱ्याचा चांगला चालणारा संच असाच उलट्या ॲडॅप्टरने घालवलाय. त्याच्या मुलीने पुढची दोन वर्षं माझ्या दुकानासमोरून जाताना मान फिरवली.

मी पेटी शिकवते. भाचा म्हणतो, जुन्या संगणकावर रागसुद्धा वाजतो. पेटीवर बसून जन्म गेला तरी भूपाचा गांधार मनासारखा लागत नाही, तिथे यंत्राला काय लागणार? — एक वाचिका, खानापूर

ताई, तुमचा प्रश्न वाचून मी अठ्ठेचाळीस तास इतर कामं बाजूला ठेवली.

१९८०च्या दशकात सरकारच्या 'क्लास' योजनेत शाळांना बीबीसी मायक्रो नावाचे ब्रिटिश संगणक मिळाले होते. आमच्या शाळेत दोन आले. चपला बाहेर, पाय धुऊन आत, आणि आठवड्यात एक तास, तोही तिघांत एक खुर्ची. त्या यंत्रात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची आयसी होती. तीन सुरांचे गळे आणि एक खरखरीचा. 'साउंड' अशी आज्ञा द्यायची आणि पुढे चार आकडे: कुठला गळा, किती मोठ्याने, कुठला सूर, किती वेळ. पांढरी एकचा मधला सा म्हणजे ५३. पेटीच्या एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंत, काळी धरून, चार आकडे. म्हणजे पूर्ण सप्तक अठ्ठेचाळीस आकड्यांचं. सा ५३, रे ६१, ग ६९, प ८१, ध ८९, वरचा सा १०१. झाला भूप!

आता तुमचा गांधार. तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा जो गांधार, तो पेटीच्या गांधारापेक्षा उतरलेला असतो. दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर चौदा भागांनी. पेटीत मधे काही नाही, त्यामुळे तुम्ही अडकता. बीबीसीत मधे तीन पायऱ्या आहेत, प्रत्येक पंचवीस भागांची. ६९ घेतला तर पेटीचाच गांधार, चौदा भाग चढा. ६८ घेतला तर अकरा भाग उतरा. दोन्ही चुकलेच, पण ६८ कमी चुकतो. हे गणित मला तेव्हा येत नव्हतं. मी फक्त दोन्ही आकडे आलटून पालटून वाजवत बसलो होतो. आमचे सर धारवाडकडचे, ते धावत आले, "एनप्पा इदु?" (काय रे हे?) म्हणाले, आणि मग दाराला कडी लावून स्वतःच ६८ पुन्हा वाजवायला सांगितलं. कुमार गंधर्वांचं सुळेभावी आमच्यापासून हाकेवर, या मुलखात गांधाराच्या बाबतीत कुणी सहज सोडत नाही.

निन्टेंडोचा डबा या बाबतीत आणखी मजेशीर. त्याच्यात सूर ठरतो तो एका मोठ्या आकड्याला भागून. खालच्या सुरांत भाजक मोठा, म्हणून पायऱ्या बारीक. मधल्या पांढरी एकला त्याची एक पायरी त्याच शंभर भागांतल्या जेमतेम चार भागांची. तुमचा चौदा भागांनी उतरलेला गांधार तिथे जवळजवळ जसाच्या तसा मिळतो. पण दोन सप्तकं वर गेलात की तीच पायरी सोळा भागांची होते आणि मींड जिन्यावरून उतरल्यासारखी ठेचकाळते. म्हणून माझा सल्ला, मंद्र आणि मध्य सप्तकात राहा. एका चौकोनी गळ्यावर राग, दुसऱ्यावर तोच राग किंचित उशिरा आणि हळू आवाजात, म्हणजे देवळातल्यासारखा घुमारा येतो. त्रिकोणी गळ्यावर नुसता षड्ज धरून ठेवा. त्या गळ्याला लहानमोठा आवाज करताच येत नाही, एक तर चालू नाही तर बंद. तंबोऱ्याला तेवढंच तर हवं असतं!

जुना संच नसेल तरी अडत नाही. फॅमिट्रॅकर हा त्याच पाच गळ्यांसाठीचा मोफत प्रोग्राम विंडोजच्या संगणकावर चालतो. सूर ओळीखाली ओळ लिहायचे, वरून खाली वाचायचे, आपल्या नोटेशनच्या वहीसारखेच.

मुलगा दिवसभर टूं टूं करत असतो. आता परदेशातून जुना गेम बॉय, तो हातात धरून खेळायचा निन्टेंडोचा डबा, मागवायचा म्हणतोय, मोठा खर्च आहे. हे संगीत आहे का तरी? — एक आई, बेळगाव

आहे. गेमचे संगीतकार रॉब हबर्ड यांनी कमोडोर ६४ या जुन्या घरगुती संगणकाच्या तीन गळ्यांवर काय केलंय ते त्याला लावायला सांगा आणि स्वयंपाक करता करता ऐका. त्याच वाटेचे टिम फॉलिन यांनी तर स्पेक्ट्रम या तशाच संगणकाच्या साध्या बीपरमधून, ज्याला फक्त चालू-बंद कळतं, एकाच वेळी अनेक सूर काढलेत. खर्चाचं म्हणाल तर आत्ता मागवू नका. गेम बॉयवर ज्या प्रोग्रामने लोक संगीत करतात तो, एलएसडीजे, संगणकावरच्या एम्युलेटरमध्येही, म्हणजे जुन्या यंत्राचं सोंग घेणाऱ्या प्रोग्राममध्येही, चालतो. त्याच्यावर तीन गाणी पुरी कर म्हणावं. पुरी केली तर आणा, चार पेन्सिल सेलवर चालतो, वीज बिल वाढणार नाही.

मी नववीत आहे. आमच्या घरी चार माग आहेत. लॅपटॉपवर फर्नेस हा फॅमिट्रॅकरसारखाच प्रोग्राम उतरवून घेतलाय, त्यात मागाचा ठेका करायचाय. पण सगळे चॅनेल (तुमचे गळे) वाजवले की नुसता कालवा होतो. — एक विद्यार्थी, वडगाव

अरे वा! तुला भेटायलाच हवं. कालवा होतो कारण तू सगळ्यांना एकदम बोलू देतोस. घरात चार माग चालू असताना कुणाचं बोलणं ऐकू येतं का?

आधी फर्नेसमध्ये निन्टेंडो निवड. मग मागापाशी घड्याळ घेऊन बस आणि मिनिटाला धोटा किती वेळा फेकला जातो ते मोज. वेग ६ ठेवलास तर सेकंदाला दहा ओळी सरकतात. मिनिटाला १२० फेक असतील तर दर पाचव्या ओळीवर खट्, १५० असतील तर दर चौथ्या. खरखरीच्या गळ्याला दोन चाली आहेत. लांब चाल म्हणजे पावसासारखा सुस्कारा, आखूड चालीत तीच खरखर चटकन परत परत येते आणि आवाज पत्र्यासारखा होतो. धोट्याच्या खट्ला आखूड चाल घे, दोन-तीन ओळींत विझव. पट्टे आणि मोटरीचा सरसर आवाज लांब चालीत, पण फेकींच्या मधल्या रिकाम्या ओळींतच टाक. त्याच गळ्यावर दोन्ही, कारण खरखरीचा गळा एकच आहे.

फणी ठोकते तो धम्म त्रिकोणी गळ्यावर कर. सूर वर सुरू करून झर्रकन खाली ओढ, ढोल वाजल्यासारखा लागतो. लगेच पुढच्या ओळीला तोच गळा खर्जाचा सूर धरेल, कानाला दोन वाद्यं वाटतील. एवढं बसलं की मगच चौकोनी गळ्यावर चाल लिही. दोन-तीन सूर एकदम हवे असतील तर त्या जागी इफेक्टच्या रकान्यात ००४७ लिहून बघ. एकच गळा तीन सुरांवर इतक्या झपाट्याने फिरतो की ते एकत्रच वाटतात. पण सगळीकडे नको वापरू, हे कुंद्यासारखं आहे, वाटीभर खाल्लं की पुढचं जेवण जात नाही.

झाली की फाईल आणून दे. माझ्याकडे पुसून पुन्हा भरता येणारी एक कॅसेट आहे, तिच्यावर घालून दुकानातल्या डब्यावर वाजवू. पण तो डबा नकली आहे. पाव आणि निम्म्याची अदलाबदल धरूनच चाल लिही, आणि करंट जायच्या आधी सेव्ह कर.