‘पासून’ म्हणजे सिन्स की फॉर?

प्रश्न: ताई, मी चोपड्याची, बी.ए.ला आहे. इंटरव्ह्यूत ‘आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ म्हटलं तर समोरचे सर हसले. पासून म्हणजे सिन्सच ना? इन, ऑन, अ‍ॅट पण पाठ करून डोक्यात राहत नाही.

उत्तर: अगं, त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, आपल्याकडे ‘२०२० पासून’ आणि ‘५ वर्षांपासून’ दोन्हीला पासूनच चालतं ना, तिथेच गडबड होते. इंग्रजीत सुरुवात कधी ते सांगायचं तर सिन्स, किती काळ ते सांगायचं तर फॉर. म्हणून ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स’, क्रियापदही बदललं बघ.

आता आपला ‘ला’. जूनला, सोमवारला, ५ वाजेला, खान्देशात सगळ्याला एकच ‘ला’ लावून मोकळे! इंग्रजीत महिना-वर्षाला इन, दिवस-तारखेला ऑन, घड्याळाच्या वेळेला अ‍ॅट. पाठ नको करू, स्वतःच्या दिवसाची ५ वाक्यं रोज लिही.

आणि हो, कार, रिक्षा असेल तर इन, पण ज्यात उभं राहून चालता येतं त्या बस-ट्रेनला बहुतेक ऑन. आता चोपडा-जळगाव एसटीत पाय ठेवायला जागा नसते ती गोष्ट वेगळी, तरी ऑनच म्हणायचं.