बापाचे रोल करून कोणी मोठा होतो का?

प्रश्न : मी देसाईगंजकडचा. धान निघालं का दरसाली झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या नाटकात काम करतो. वय 34, पण पहिल्यापासून बापाचेच रोल, नाही तं मामा, नाही तं पोलीस पाटील. पोस्टरवर फोटो हिरोचाच मोठा. घरचे म्हणतात का बारक्या रोलात काही राम नाही, सोडून दे. खरंच असे रोल करून कोणी मोठा झाला का?
— एक वाचक, गडचिरोली जिल्हा

उत्तर : झाला ना दादा! पीट पोसलथ्वेट नावाचा नट. इंग्लंडमधल्या वॉरिंग्टनचा, 1946 चा जन्म, आधी शाळेत नाटक शिकवायचा, मग ब्रिस्टलला ट्रेनिंग आणि मग लिव्हरपूलच्या एव्हरीमन थिएटरात वर्षानुवर्षं स्टेजवर घासला. चेहरा हिरोचा नाहीच, गालाची हाडं वर आलेली, उन्हातान्हात राबलेल्या माणसासारखा.

त्याचा 1993 चा ‘इन द नेम ऑफ द फादर’ सिनेमा बघा. खोट्या केसमध्ये बापलेक दोघंही जेलमध्ये. बापाचं काम पोसलथ्वेटचं, पोराचं डॅनियल डे-लुईसचं. पोरगा आरडाओरडा करतो, भिंतीवर डोकं आपटायचं बाकी ठेवतो, आणि बाप नुसता खोकत, हळू आवाजात बोलत बसलेला असतो तरी आपली नजर बापावरच जाते. बाप मरतो तेव्हा सगळे कैदी खिडक्यांतून पेटते कागद खाली सोडतात. त्या रोलला ऑस्करचं नॉमिनेशन मिळालं, आणि पडद्यावरच्या ह्या बापलेकात खरं अंतर फक्त 11 वर्षांचं! म्हणून म्हणतो, 34 व्या वर्षी बाप करायला मिळतो ह्यात कमीपणा कसला?

पुढे ‘ब्रास्ड ऑफ’मध्ये तो बंद पडत चाललेल्या खाणीच्या बँडचा मास्तर झाला, छातीत कोळशाची धूळ बसलेला. आमच्या चंद्रपूर-वणीच्या वाचकांनी तो बघाच, समजावून सांगायची गरज पडणार नाही. आणि सिनेमात एवढं नाव झाल्यावरही 2008 मध्ये त्याच एव्हरीमनला परत येऊन त्यानं शेक्सपिअरचा किंग लिअर केला, म्हणजे शेवटी पुन्हा बापच, पण नाटक त्याच्या नावावर. 2011 मध्ये गेला.

लांब कशाला, तुमच्याच जिल्ह्यातले परशुराम खुणे विनोदी रोल करून घराघरात पोचले, 2023 ला पद्मश्री मिळाली.

पैशाचं मात्र घरच्यांशी नीट बोला, ती त्यांची काळजी खरी आहे, शेती सांभाळूनच सीझन करा. पण रोल सोडू नका. यंदा डायरेक्टरला सांगा की बापाला एक सीन असा द्या ज्यात तो कमी बोलेल आणि पोराचं ऐकून घेईल, आणि तालमीत त्या ऐकण्यावरच मेहनत घ्या.